नाव नको, आकडा सांगा

दुपारी पावणेदोनच्या सुमाराला, तीन हजार चारशे बाराव्या नोंदीत, तिला लिफ्ट सापडली. 'रुग्णाच्या शब्दांत : छातीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलीय. खाली जात नाही, वर येत नाही.' एवढंच. त्यात नाव नव्हतं, पत्ता नव्हता, फोन नंबर नव्हता, म्हणून यंत्राने ते वाक्य हिरवी खूण करून पुढे सोडलं होतं, आणि त्याबद्दल यंत्राला कुणी बोल लावला नसता. तिचा हात मात्र माऊसवर होता तिथेच राहिला. काळजात धस्स झालं म्हणावं तर तसंही नाही. जिना उतरताना पायऱ्या संपलेल्या असतात आणि पाय आणखी एक पायरी शोधतो, तसं काहीतरी झालं. तिने चष्मा काढून पुसला आणि परत लावला. वाक्य हललं नव्हतं. समोरच्या टेबलाशी कंपाउंडर सफरचंदाच्या फोडी करत होता. खिडकीचा पडदा अर्धा वर होता. सगळं कालच्यासारखंच होतं.

सहाव्या मजल्यावरच्या त्या खोलीत ही दोघंच बसत. कितीतरी दवाखान्यांतल्या जुन्या नोंदी रुग्णांच्या लेखी संमतीने हृदयाच्या अभ्यासासाठी क्लाऊडवर चढवलेल्या असत, आणि त्या देशोदेशींच्या संशोधकांना खुल्या करण्याआधी त्यांत कुणा रुग्णाचं खाजगी काही राहून गेलंय का, हे बघायचं काम यांचं. आधी यंत्र बघायचं. नाव, गाव, नंबर, तारीख असं काहीही दिसलं की ते त्यावर काळी पट्टी ओढायचं. यंत्र हुशार होतं, पण नोकरीला नुकत्याच लागलेल्या कारकुनासारखं अतिउत्साही होतं. 'रुग्णाला प्रकाश सहन होत नाही' या वाक्यातला प्रकाश त्याने कुणी नकोसा पाहुणा समजून काळा केला होता. बाळाचा विकास खुंटला, तर विकासवर पट्टी. संध्याकाळी ताप येतो, तर संध्येवर पट्टी आणि पुढे नुसतं 'काळी ताप येतो'. एका डॉक्टरांनी लिहिलं होतं, आता आशा नाही. यंत्राने आशा तेवढी पुसली होती आणि 'नाही' ठेवलं होतं. आणि इतका उजेड पाडून झाल्यावर त्याच यंत्राने 'रुग्ण चौकातल्या दुकानातला डावखुरा न्हावी आहे' हे वाक्य खुशाल पुढे पाठवलं होतं. या यंत्राचा प्रोग्राम लिहिणारी मुलगी त्याची बाजू इतक्या पोटतिडकीने घ्यायची की सगळे तिला यंत्राची आईच म्हणत. ती वर भांडायला आली होती. "ताई, यात नाव कुठाय? दाखवा ना!" तेव्हा हिने शांतपणे विचारलं होतं, "त्या चौकात डावखुरे न्हावी किती असतील गं?" "असेल एखादा." "मग नाव आणखी काय वेगळं असतं?" यंत्राची आई तोंड वाकडं करून खाली गेली, आणि दुसऱ्या दिवशी न्हाव्यांसाठी नवा नियम घालून आली. ज्याने माणूस ओळखू येतो ते नाव, ही हिची व्याख्या. चौदा वर्षांत ती तिला एकदाही बदलावी लागली नव्हती.

ऑफिसात तिला गाळणी म्हणत, आणि ते तिच्या कानावर येईल एवढ्या मोठ्याने म्हणत, कारण तिला ते आवडतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. आवडायचंच. का आवडू नये? माणसं आपल्या गाण्याचा अभिमान बाळगतात, आपल्या मुलांचा बाळगतात. तिला आपल्या नजरेचा होता. पान उघडलं की दुसऱ्याच ओळीत तिला कळायचं की इथे कुणीतरी लपून बसलंय. कंपाउंडर वीस वर्षं औषधांच्या दुकानात काढून इकडे आलेला, कुठल्याही डॉक्टरचं अक्षर लावणारा, तोसुद्धा म्हणायचा, "बाई, तुम्ही वाचत नाही हो, वास घेता." आणि या नजरेने आयुष्यात एकदाच दगा दिला होता. तो ऑफिसात नव्हे.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. चाळीस वर्षं. लिफ्टच्या खोलीतलं तेल त्यांच्या नखांत कायमचं राहायला आलं होतं, आणि लिफ्ट त्यांच्या बोलण्यात. घरात कुणाचा निर्णय होत नसला की बाबा म्हणणार, अडकली ही दोन मजल्यांच्या मध्ये. आईला उचकी लागली तरी तेच. हिचं लग्न ठरता ठरता मोडलं आणि ही पंधरा दिवस धड रडेना, धड बोलेना, तेव्हा दाराच्या चौकटीला टेकून ते म्हणाले होते, "बाई गं, खाली जा नाहीतर वर ये, मध्ये हवा कमी असते." ती हसली होती आणि मग भरपूर रडली होती. हे बोलणं त्यांच्या घराबाहेर तिने कुणाच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. जगात लिफ्ट दुरुस्त करणारे पुष्कळ, त्यांतल्या पुष्कळांच्या छातीत दुखत असणार, हे तिला कळत होतं. पण वाक्याच्या वर डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'वय सत्तर ते पंच्याहत्तर, व्यवसाय तांत्रिक, खुर्ची देऊनही बसत नाही, दाराजवळ उभा राहून बोलतो, विनोद करतो.' आता यापुढे नाव हवं कशाला? कागदावर ते चौकटीला टेकून उभेच होते.

सहा वर्षांपूर्वी एका मंगळवारी सकाळी बाबा गेले. स्वयंपाकघरातलं बटण दुरुस्त करून स्टुलावरून उतरले, हात धुतले, खुर्चीत बसले आणि संपले. आई दोन वर्षं आधीच गेलेली, ते एकटेच राहायचे. शेजारणीने फोन केला. दवाखान्यातल्या माणसाने "अचानक झालं," एवढंच सांगितलं, आणि तो शब्द तिने घरी आणून ठेवला. येणाऱ्याजाणाऱ्याला तोच काढून दाखवला. अचानक. पण रविवारी ती त्यांच्यासमोर चांगली दीड तास बसली होती. तिच्या खिडकीची कडी सैल झाली होती त्याबद्दल बोलली होती. निघताना त्यांनी तिची पिशवी जिन्याच्या तोंडापर्यंतही आणली नव्हती, जी ते नेहमी खालच्या दारापर्यंत आणत. हे तिच्या डोळ्यांनी बघितलं होतं आणि तिने ते बघितलं नव्हतं. तो रविवार तिने सहा वर्षांत किती वेळा उघडून वाचला याला हिशेब नाही. प्रत्येक वेळी पिशवीपाशी आली की तिला स्वतःची लाज वाटायची. लाखो परक्या माणसांना एका ओळीत ओळखणारी बाई, आणि आपला बाप समोर बसून मरत होता तर हिला पत्ता नाही. बाकी सगळं ती पचवून बसली होती. हे पचलं नव्हतं.

आणि आता संगणकाच्या पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'भेट तिसरी, एकूण भेटी अकरा.' तारखा पट्टीखाली गेल्या होत्या, तो नियमच होता, पण अकरा हा अकराच होता. अकरा वेळा कपडे करून, बस पकडून, रांगेत बसून. म्हणजे अकरा वेळा उभं राहून. अकरा वेळा घरी येऊन तिला फोनवर "मजेत आहे, तुझं काय?" म्हणणं. अचानक या शब्दाने तिला सहा वर्षं फसवलं होतं. तिला आधी राग आला, चांगला सणसणीत राग, बाबा जिवंत असते तर आवाज चढवून भांडली असती असा. त्या रागाच्या खालून हळूच दुसरं काहीतरी वर आलं, आणि ते चक्क सुटल्यासारखं होतं. मला दिसलं नाही असं नाहीये, तिला वाटलं. यांनी मला दिसू दिलं नाही. चाळीस वर्षं तारा झाकायचं काम केलेला माणूस. तो लपवायला बसला तर गाळणीचं काय चालणार? मग तिने पुढची ओळ वाचली. वाचायचं ठरवून नव्हे, डोळे आपले सवयीने खाली घसरले. 'रुग्णाची विनंती : आजाराबद्दल मुलीला काहीही कळवू नये. कारण विचारले असता रुग्ण म्हणाला की' आणि पान संपलं. खाली उजवीकडे बाण होता. तो दाबला की पुढचं पान.

नियम तिचाच होता. तिनेच तो लिहिला होता, चौदा वर्षांपूर्वी, पहिल्याच महिन्यात: तपासताना रुग्णाची ओळख पटली तर तिथेच थांबावं, पुढे एक ओळही वाचू नये, नोंद दुसऱ्याकडे द्यावी. तेव्हा मीटिंगमध्ये सगळे हसले होते. एवढ्या लाखो लोकांत ओळखीचं कोण निघणार? तिने सोबत एक फॉर्मही केला होता, त्यात नावाचा रकानाच ठेवला नव्हता. किती नोंदींत ओळख पटली, तो आकडा फक्त लिहायचा. चौदा वर्षांत तो फॉर्म कुणी भरला नव्हता. आजचा गठ्ठा चार वाजता खुला व्हायचा होता. पडद्यावर बाण होता. दाबला तर कोण विचारणार होतं? तपासणं हेच तर तिचं काम. उलट न दाबता सोडणं हीच हलगर्जी, असंसुद्धा म्हणता आलं असतं, आणि चांगल्या ठसक्यात म्हणता आलं असतं. ती उठली.

"कुठे?" कंपाउंडरने विचारलं.

"खाली जाऊन येते."

"काय आणायला?"

"काही नाही. नुसती खाली आणि वर."

कंपाउंडरने फोड तोंडात टाकता टाकता तिच्याकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. सात वर्षं समोरासमोर बसलेल्या माणसांना असं काही कळतं.

लिफ्टमध्ये ती एकटीच होती. दार बंद झालं आणि बाबांनी शिकवल्याप्रमाणे तिने आवाज ऐकला. दोर ठीक, ब्रेक जरासा झिजलेला. कारण काय सांगितलं असेल? ती घाबरेल म्हणाले असतील. छे, ती घाबरत नाही हे त्यांना माहीत होतं. पाचवा. ती लगेच फायली मागवून तपासत बसेल, मला खुर्चीवर बसवेल, स्टुलावर चढू देणार नाही, असं म्हणाले असतील. हे जास्त त्यांच्यासारखं होतं. की तिच्यावर विश्वासच नव्हता? चौथ्या मजल्यावर हा विचार आला, आणि त्याला आधार होता. ती नऊ वर्षांची असताना सुट्टीच्या दिवशी बाबा तिला कामावर घेऊन गेले होते. एका उंच इमारतीत लिफ्ट अडकली होती. आतून हाका येत होत्या, बाहेर माणसं गोळा झाली होती, कोण आहे, कोण आहे म्हणून कालवा. बाबांनी सगळ्यांना मागे सारलं, दाराला तोंड लावलं आणि रोजच्या आवाजात विचारलं, "किती जण आहात? नाव नको, आकडा सांगा." आतून कुणीतरी म्हणालं, "एक." "मग हवा पुष्कळ आहे," बाबा म्हणाले, "निवांत बसा, दारापासून लांब." अर्ध्या तासाने त्यांनी लिफ्ट मजल्याला आणली, गर्दीला जिन्यावर पिटाळलं, दार उघडलं, आणि उघडता क्षणीच पाठ फिरवून भिंतीकडे तोंड केलं. हिच्याही खांद्यांना धरून तिला भिंतीकडे वळवलं. पांढरी भिंत, तिच्यावर कुणाच्या तरी सायकलच्या हँडलचा ओरखडा. आणि हिने मान वळवून बघितलं. तिच्या शाळेतले गणिताचे सर बाहेर येत होते, ज्यांच्या पायरवाने वर्ग चिडीचूप व्हायचा ते. ते हुंदके देत होते आणि त्यांची पँट पुढून ओली झाली होती.

दुसरा मजला. पहिला. तळमजल्यावर दार उघडलं, कुणी आत आलं नाही, तिने परत सहाचं बटण दाबलं. त्या दिवशी जेवताना ती आईला फुशारकीने सांगायला लागली, "आई, आत कोण होतं माहितीये? आमचे..." आणि बाबांनी ताटातून हात बाजूला घेतला. मारायला नव्हे, त्यांनी कधी बोट लावलं नाही. ते म्हणाले, "मी तुला भिंत दाखवली होती. तू काय बघितलंस?" ती ताटातला भात चिवडत राहिली. "मी विचारतोय, काय बघितलंस?" बऱ्याच वेळाने तिच्या तोंडून निघालं, "भिंत." "कशी होती?" "पांढरी. एक ओरखडा होता." "शाबास," बाबा म्हणाले आणि जेवायला लागले. पण त्यानंतर वर्षभर त्यांनी तिला कामावर नेलं नाही. सरांच्या वर्गात ती पुढची चार वर्षं होती, आणि सर फळ्याकडे वळले की ती डोळे मिटून घ्यायची. माणूस अडकला की त्याची अब्रू दाराशी असते, हे तिला तेव्हाच कळलं, पुढे चौदा वर्षांचा पगार तिने त्याच अकलेवर मिळवला. बाबांना तिच्या कामाचं कौतुक होतं, आणि ते कौतुक त्यांनी चेष्टेतच केलं. "सगळं ढगात ठेवता म्हणे? मग पाऊस पडला की लोकांची नावं टपाटप खाली येत असतील." "येत नाहीत बाबा, मी असते ना मध्ये." "तू छत्री काय?" "गाळणी," ती म्हणाली होती, आणि ते खो खो हसले होते. म्हणजे त्यांना माहीत होतं. आपल्या नोंदी अभ्यासाला वापरा म्हणून संमतीच्या फॉर्मवर सही करताना ही मुलगी कुठे बसते हे त्यांना पुरतं माहीत होतं. तरी सही केली, आणि तरी लिफ्टबद्दल बोलले. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये तिला एकदम लख्ख दिसलं की हा अविश्वास नव्हता. ज्याचा विश्वास नसतो तो सही करत नाही. आपली मुलगी एखाद दिवस या दाराशी येईल हे त्यांना कळत होतं, आणि भिंत कुठे आहे हे तिला माहीत आहे, याची त्यांना खात्री होती. त्यांनी विनंती डॉक्टरांना केली होती. पण बाकी सगळ्या जगाने वाचलं तरी चालेल, हिने वाचू नये, हे सांगणं अखेर हिलाच होतं. रुग्णाचं खाजगी जपणं म्हणतात ते हेच. आजवर ते ज्याच्यापासून जपायचं तो कुणी लांबचा, परका असे. आज ती स्वतः होती. सहावा मजला आला. लिफ्ट बरोबर मजल्याला लागली, एक बोटही खालीवर नाही.

खोलीत येऊन तिने खण उघडला आणि सगळ्यात खालचा फॉर्म काढला. कागद पिवळा पडला होता. 'किती नोंदींत ओळख पटली' यापुढे तिने 'एक' असं लिहिलं आणि फॉर्म कंपाउंडरच्या टेबलावर ठेवला. त्याने तो वाचला, उलटून मागची कोरी बाजूही बघितली.

"हा असला फॉर्म आहे आपल्याकडे?"

"आहे. चौतीसशे बारा. पहिल्या पानापर्यंत बघून झालंय. पुढे मी गेले नाही."

"कोण आहे, असं विचारायचं नाही ना?"

"नाही."

त्याने हात रुमालाला पुसले, नोंद आपल्या पडद्यावर घेतली आणि वाचायला लागला. त्याचे ओठ हलत, वीस वर्षांची सवय. लिफ्टच्या ओळीपाशी ते थांबले. "बाई, हे काळं करायचं? यात नाव नाही, गाव नाही. आणि डॉक्टर लोकांना उपयोगाचं आहे हो हे. दुखणं इतकं नेमकं कोण सांगतं?"

तिने विचार केला. ते वाक्य आता दोनच ठिकाणी उरलं होतं, त्या पानावर आणि तिच्यात. पट्टी ओढली की एकाच. मन नाही म्हणत होतं, अगदी लहान मुलीसारखं हट्टाने नाही म्हणत होतं. पण व्याख्या तिची होती आणि चौदा वर्षं ती तिने दुसऱ्यांच्या बापांना लावली होती. "छातीत अडकल्यासारखं वाटतं, एवढं ठेवा," ती म्हणाली. "खाली जात नाही, वर येत नाही, तेही असू द्या, दुखण्याचंच आहे. लिफ्ट तेवढी काढा. मजलेही."

"लिफ्टवर पट्टी."

"हो. ते नाव आहे."

कंपाउंडरने तिच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू सगळं उमटत गेलं. तिचे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे हे त्याला ठाऊक होतं. त्याने पट्टी ओढली आणि पुढची ओळ वाचली, मग बाण दाबला. माऊसचा छोटासा आवाज झाला. पुढचं पान तिच्यापासून चार फुटांवर, त्याच्या तिरक्या ठेवलेल्या पडद्यावर उघडं होतं. मान थोडी वळवली असती तरी वाचता आलं असतं. तिची नजर अजून तशीच तेज होती.

"बाई," कंपाउंडर म्हणाला, आणि त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. "मुलीला का नाही सांगायचं ते लिहिलंय इथे. एकच ओळ आहे. वाईट काही नाही हो, उलट... तुम्हाला बरं वाटेल. नियम राहू दे बाजूला. सांगू?"

"नको," ती म्हणाली. "त्यांनी नको म्हटलंय."

आणि तिने खुर्ची फिरवली, पार मागे, भिंतीकडे तोंड करून बसली. पांढरीच होती. मागे कंपाउंडर ती ओळ पुन्हा वाचत असावा, कारण तो एकदम हसला, मोठ्याने, मनापासून, कुणी समोर उभं राहून विनोद केल्यावर हसावं तसा, आणि हसता हसता त्याने नाक ओढलं. बाबांनी आणखी एका माणसाला हसवलं होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते तिने पुसलं नाही. भिंतीवर खिळ्याचं एक जुनं भोक होतं, कुणीतरी चुन्याने बुजवलेलं. ते तिने नीट बघून घेतलं. मागे एकेक पट्टी ओढल्याचा आवाज येत राहिला, आणि ती वळली नाही.